विमलकाकूंचं भेव

जंगलाच्या वाटेला लागण्याआधी विमलकाकू थांबायच्या. हातातली काठी तीनदा जमिनीवर आपटायच्या आणि समोरच्या झुडपांकडे पाहून मोठ्यानं म्हणायच्या, "आमी दोघी हाओ. पाखरं मोजाले आलो. मोजून झाले का निंगून जातो. तुह्या वाटंत येत नाई."

हे वाघाला उद्देशून असायचं. वाघ तिथं असो की नसो, त्याला आपला आकडा बरोबर सांगितला पाहिजे, याबद्दल त्यांचा कटाक्ष होता. एका वर्षी नागपूरची एक मुलगी आमच्याबरोबर आली, तेव्हा त्या न विसरता "आमी तिघी हाओ" म्हणाल्या. मग हळूच माझ्या कानाशी, "खोटं सांगतलं का जनावराले समजते."

पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. त्यांनी ते पाहिलं, पण रागावल्या नाहीत. "हास, हास. मले भेव वाटते म्हनून मी बोलतो. तुले वाटत नसन तं तू हास." दहा मिनिटं चालल्यावर ओल्या मातीत पंजे दिसले, इतके ताजे की त्यांच्या कडा अजून ढासळल्या नव्हत्या. काकूंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात थंडगार होता. त्या सकाळी आम्ही दोघी तलावापर्यंत तशाच, एकमेकींना धरून गेलो. त्यानंतर मी कधी हसले नाही.

मी पिपरी मेघेला राहते आणि वर्ध्याच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. दर हिवाळ्यात पक्षी पाहणारी काही मंडळी जिल्ह्यातल्या तलावांवरचे पक्षी मोजतात. त्यांची नोटीस आमच्या बोर्डावर लागली होती. बाबा गेल्यानंतरचं ते पहिलंच वर्ष होतं आणि रविवारी घर खायला उठायचं, म्हणून मी नाव दिलं. पक्ष्यांतलं मला काहीही कळत नव्हतं. "तुम्हाला काळडोह तलाव देतो," त्यांच्यातले एक जण म्हणाले. "सेलूच्या पलीकडे, टेकड्यांच्या मधोमध आहे. जोडीला विमल नागोसे असतील. एसटीत कंडक्टर होत्या, आता रिटायर झाल्यात. त्या म्हणतील तसं करा."

काकू ठेंगण्या होत्या, अंगानं भरलेल्या. लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, त्यावर मर्दानी स्वेटर, डोक्याला मफलर, पायात कॅनव्हासचे बूट. दुर्बिणीचा पट्टा तुटला होता म्हणून ती नायलॉनच्या दोरीनं गळ्यात अडकवलेली. स्वेटरच्या एका खिशात लाल तिखटाची पुडी असायची. ती कोणावर फेकायची हे ठरलेलं नव्हतं. रानडुक्कर, पिसाळलेलं कुत्रं, वाईट माणूस, जो समोर येईल त्याच्यावर.

इतकं भिणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. त्या पालीला भ्यायच्या, विजेला भ्यायच्या, लिफ्टमध्ये पाय ठेवायच्या नाहीत. पोहता येत नव्हतं म्हणून पाण्याला भ्यायच्या, आणि उभ्या राहायच्या तलावाच्या काठाशी, चिखलात घोट्यापर्यंत रुतून. हे कसं काय, असं मी एकदा विचारलं. त्यांना प्रश्नच नीट कळला नाही. "भेव वाटते तं वाटते," त्या म्हणाल्या. "त्याच्यानं पाखरं थोडीच थांबतात?"

पाण्यावर हजारभर बदकं बसलेली असली की एकेक करून मोजता येत नाहीत. दहांचा एक पुंजका नजरेत बसवायचा आणि तो थव्यावरून पुढं पुढं सरकवत न्यायचा. काकूंच्या डाव्या खिशात चिंचोके असायचे. दहा पक्षी झाले की एक चिंचोका उजव्या खिशात. थवा संपला की उजव्या खिशातले चिंचोके मोजायचे. मग पुन्हा पहिल्यापासून, आणि मग तिसऱ्यांदा. तीनातले दोन आकडे जुळले पाहिजेत, नाहीतर चौथी खेप. या सगळ्या वेळात मी बोलायचं नाही, खोकायचं नाही. मला खोकला यायची चिन्हं दिसली की त्या न पाहता लवंग पुढं करायच्या.

नावं त्यांनी आपली आपण ठेवलेली होती. चोच पसरट असलेला थापट्या म्हणजे 'चमच्या'. कायम जोडीनं फिरणारे चक्रवाक म्हणजे 'नवरा-बायको'. हिमालय ओलांडून येणाऱ्या पट्टकदंब हंसांना त्या 'पाव्हणे' म्हणायच्या आणि ते दिसले की आधी मफलर नीट करायच्या.

मोजायचं हे वेड कुठून आलं, ते त्यांनी मला दुसऱ्या हिवाळ्यात सांगितलं. आम्ही तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, ऊन खात बसलो होतो आणि त्या संत्रं सोलत होत्या.

"गाडीत सत्तेचाळीस लोकं होते," त्या म्हणाल्या. "शाळेची एक पोट्टी होती, पाचवीतली. तिले मयमय होऊन राह्यली होती, ओकारी येत होती. नाल्याजवळ गाडी थांबवली, पोट्टी खाली उतरली. मांगून कोनीतरी म्हनलं, चाला. मी घंटी मारली."

"आणि मुलगी खालीच?"

"दोन किलोमीटर गेलो. काऊन कोन जाने, मी उठली आन लोकं मोजले. सेहेचाळीस. पुन्हा मोजले. सेहेचाळीसच. डायवरले म्हनलं, फिरव गाडी. त्या सडकीवर गाडी फिरत नाई. त्यानं कशी फिरवली त्यालेच माहीत."

संत्र्याची फोड त्यांच्या हातात तशीच राहिली होती.

"पोट्टी पुलाच्या कठड्यावर बसली होती. रडत नव्हती. तिच्यापासून दहा हातावर डुकरीण, पिल्लं घेऊन. पोट्टी हालली नाई म्हनून वाचली. मी तिले उचललं तं तिनं माह्या खांद्याले चावा घेतला. इतकी भेली होती वं ती."

एवढंच सांगून त्यांनी फोड तोंडात टाकली. त्या दिवसापासून त्या सगळंच मोजायच्या. लग्नातल्या पंगती, दोरीवरचे कपडे, दवाखान्याच्या पायऱ्या. त्यांची गाडी रोज सकाळी तलावाच्या पाळीवरून जायची, तेव्हा हिवाळ्यात तिथं बसलेली बदकंही त्यांनी मोजायला घेतली. रिटायर झाल्यावर गाडी सुटली, पण बदकं राहिली.

तिसऱ्या हिवाळ्यात जे घडलं, ते मात्र मी अजून नीट कोणाला सांगितलेलं नाही.

त्या सकाळी धुकं होतं. तुरीच्या शेतांमधून आम्ही पाळीकडे निघालो. एरवी पाळीच्या अलीकडूनच बदकांची कुजबुज ऐकू यायची, हजार जणांनी एकदम हळू आवाजात बोलावं तशी. काकू पाळीच्या पायथ्याशी थबकल्या.

"आवाज नाई," त्या म्हणाल्या.

आम्ही वर चढलो. समोरच्या काठावर दोन माणसं वाकून काहीतरी उचलत होती. त्यांच्याजवळ पोतं होतं आणि मागं मोटारसायकल उभी होती. काकूंनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि लगेच खाली घेतली. तेवढ्यात त्या दोघांनी आम्हाला पाहिलं. मोटारसायकलचा आवाज टेकडीवर आदळून परत आला आणि ते धुक्यात दिसेनासे झाले.

"कोण होतं?" मी विचारलं.

"कोनी नाई," काकू म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता.

मग काठ दिसला. बदकं पाण्यात आडवी पडलेली होती, काही चिखलात. एकाला अजून जीव होता. ते पंख मारत होतं, पण त्याची मान उभी राहत नव्हती. पाण्याच्या कडेला गहू सांडलेला होता आणि त्याला निळसर रंग चढला होता. मी वाकले, तशी काकूंनी माझा हात इतक्या जोरात ओढला की बांगडी फुटली.

"हात लावू नको! औषध टाकलं हाये त्याच्यात. फवाऱ्याचं."

मग त्या मोजायला लागल्या. मला त्यांचा राग आला. "काकू, आता काय मोजता? कोणाला तरी फोन करू ना!"

"मोजू दे मले," त्या म्हणाल्या. "बाभळीखाली अकरा. वळणावर तेरा. मोरीपाशी सात." पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. "एकतीस."

त्या खोऱ्यात मोबाईलला रेंज नव्हती. आम्ही टेकडीवर चढलो. जंगलखात्याचा गार्ड फोनवर भेटला. तो दुसऱ्या टोकाला होता, यायला दोन-तीन तास तरी लागतील म्हणाला. उतरून परत काठावर यायला आम्हाला तासाच्या वर लागला असेल. येताक्षणी काकूंनी पुन्हा बाभळीपासून सुरुवात केली. मोरीपाशी आल्या आणि थांबल्या. मागं फिरून पुन्हा मोजलं.

"पोरी," त्यांचा आवाज बदलला होता, "चोवीसच हायेत. सात कमी हायेत."

"कोल्ह्यानं नेली असतील."

त्यांनी काठीनं चिखल दाखवला. अनवाणी पावलं होती. काही मोठी, काही अगदी लहान. ती पाळीवरून खाली उतरत होती, आणि खाली, धुक्याच्या कडेला, वीटभट्टी होती. भट्टीच्या भोवती झोपड्या होत्या आणि झोपड्यांमधून धूर निघत होता.

काकू साठीच्या पुढच्या होत्या आणि त्यांचे गुडघे जिना चढताना वाजायचे. त्या उतारावरून त्या पळाल्या. दोनदा पडल्या. तिसऱ्यांदा पडता पडता त्यांनी काठी टाकून दिली आणि पदर हातात धरून पळाल्या. मी मागून धावत होते आणि मला एकच ऐकू येत होतं, "सात... सात... सात..."

भट्टीवर छत्तीसगडकडून आलेली माणसं होती. तीन-चार बायका गोल करून बसल्या होत्या आणि पिसं उपटत होत्या. पोरांनी पिसं कानात खोचली होती. काकू त्यांच्या मध्ये जाऊन ओरडायला लागल्या, अर्धं हिंदी, अर्धं आपलं. बायका आधी हसल्या, मग चिडल्या. कोणी बदक पाठीमागं लपवलं. पण एका झोपडीमागं एक कुत्रं आडवं पडलं होतं. त्यानं टाकलेली आतडी खाल्ली होती. त्याचे पाय ताठ झाले होते आणि तोंडातून फेस येत होता. भट्टीच्या मुनीमानं ते पाहिलं आणि तो धावत आला. मग भराभर बदकं बाहेर आली. दोन बायकांच्या पाठीमागून, एक चुलीवरच्या पातेल्यातून, दोन शिंकाळ्यातून, एक लाकडांच्या खालून.

सहा झाली.

"सहा," काकू म्हणाल्या. "अजून एक."

"सहाच असन बाई," मुनीम म्हणाला. "घाईत तुमचंच मोजनं चुकलं असन."

काकू कच्च्या विटांच्या थप्पीवर बसल्या. डोळे मिटून घेतले. गुडघ्यावर बोटं हलत होती. "बाभळीखाली अकरा..." मला वाटत होतं, चुकू दे. एकदा तरी यांचं चुकू दे. सगळी भट्टी त्यांच्या तोंडाकडे पाहत उभी होती. त्यांनी डोळे उघडले.

"सातच. इथं कोन नाई आता? कोनती बाई नाई?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग एकीनं सांगितलं, सुकवारो नाही. ती दोन पोरांना घेऊन तुरीच्या शेतात गेली आहे, कालच्या सोंगणीच्या काड्या गोळा करायला. जाताना गंज घेऊन गेली.

गंज म्हणजे शिजवायचं भांडं. काकू उठल्या.

शेताच्या टोकाला तीन दगडांवर ते भांडं रटरटत होतं. दोन पोरं पळसाची पानं समोर मांडून उकिडवी बसली होती. लहान्याचं पान वाऱ्यानं उडत होतं म्हणून त्यानं त्यावर खडा ठेवला होता. त्यांची आई विळ्यानं काड्या तोडत होती. सुकवारो पंचविशीची असेल, काटक, उंच.

"बाई, वो मत खा!" काकू लांबूनच ओरडल्या. "जहर है उसमें!"

ती विळा हातात घेऊनच पुढं आली. "काहे का जहर? ताजा है. हमने खुद उठाया है."

"तालाब में किसी ने दवा डाली है. कुत्ता मर रहा है उधर, जाके देख."

"हम गरीब के हाथ में कुछ अच्छा आया, तो सबको उसमें जहर दिखता है," सुकवारो म्हणाली. "तुमको चाहिए, ये बोलो ना." आणि ती भांड्याच्या आणि आमच्या मध्ये उभी राहिली. विळा खाली होता, पण मूठ घट्ट होती. मागं थोरल्या पोरानं भांड्यात डोकावून पाहिलं आणि एक काडी आत घातली.

ती काडी काकूंनी पाहिली. त्या सुकवारोला वळसा घालून चुलीपाशी गेल्या आणि मांडी घालून बसल्या. जेवायला बसावं तशा. काडी पोराच्या हातातून काढून घेतली, त्या काडीनंच मांसाचा एक तुकडा उचलला आणि हातावर घेतला.

"ठीक है," त्या म्हणाल्या. "पहले मैं खाती. तू दो घंटा रुक. मेरे को कुछ नहीं हुआ, तो फिर बच्चों को दे."

"काकू!" मी ओरडले.

त्यांनी हात तोंडाकडे नेला. तो हात इतका थरथरत होता की रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. ओठ पांढरे पडले होते. डोळे मिटलेले होते आणि मिटलेल्या पापण्याही हलत होत्या. सुकवारो त्यांच्या तोंडाकडे पाहत नव्हती. ती त्या हाताकडे पाहत होती.

तुकडा ओठांपासून बोटभर अंतरावर असताना सुकवारोनं त्या हातावर फटका मारला. तुकडा मातीत पडला. मग तिनं स्वतःच पायानं ते भांडं लोटून दिलं. रस्सा विस्तवावर सांडला, वाफ झाली, आणि लहान पोरगं गळा काढून रडायला लागलं. सुकवारोनं त्याला छातीशी धरलं आणि आमच्याकडे पाठ करून ती खाली बसली.

काकूंनी मातीनं हात घासले, बाटलीतल्या पाण्यानं धुतले आणि पुन्हा घासले. मग आपला डबा उघडून पोरांच्या पानांवर भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. वाढून झाल्यावर त्या तुरीच्या आड गेल्या. तिथून ओकाऱ्यांचा आवाज आला. ओठाला काही लागलं नव्हतं, तरी त्यांनी चार वेळा चूळ भरली.

"खरंच खाल्लं असतं का हो?" परत येताना मी विचारलं.

"नाई वं," त्या म्हणाल्या. थोडं चालून झाल्यावर म्हणाल्या, "मालूम नाई. मले तं फक्त भेवच वाटून राह्यलं होतं."

"मग भांडं लोटूनच द्यायचं ना सरळ."

"म्या लोटलं असतं तं तिनं संध्याकाळी तलावावरून दुसरं आनलं असतं."

आम्ही पाळीवर पोचलो तेव्हा धुकं उठलं होतं आणि सकाळी उडून गेलेले थवे परत येत होते. ते खाली उतरू लागले, तशा काकू ओरडायला लागल्या. डब्याचं झाकण दगडावर बडवायला लागल्या. मीही ओरडले. काठावर उरलेला गहू आवरायला गार्ड आणि त्याची माणसं येईपर्यंत आम्ही दोघी त्या पाळीवर येड्यासारख्या धावत होतो आणि बदकांना हाकलत होतो. चमच्यांना, नवरा-बायकोंना, पाव्हण्यांना. दुपारपर्यंत काकूंचा घसा बसला होता.

गार्डनं विचारलं, "कोणी दिसलं का?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "दूर होते," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "धुकं होतं."

दुर्बीण खाली घेतानाचा त्यांचा चेहरा मी पाहिला होता.

आठवड्यानं मी त्यांच्याकडे सेलूला गेले. घरात त्या आणि त्यांची नात गौरी दोघीच राहायच्या. लेक आणि जावई समुद्रपूरला होते, पण गौरी लहानपणापासून आजीजवळच वाढलेली. आम्ही चहा पीत होतो, तेव्हा दारात मोटारसायकल थांबली. पंचविशीचा एक तरुण आत आला, वाकून काकूंच्या पाया पडला आणि समोरच्या खुर्चीवर बसला.

"मावशी, ओळखलं का? पवन."

"ओळखलं ना बाप्पा." काकूंनी त्याच्यासाठी चहा आणला. बशी वाजत होती.

त्यानं तब्येत विचारली. थंडी लय पडून राह्यली म्हणाला. मग म्हणाला, "तलावावर तुमी होत्या म्हनते त्या दिवशी. मोठं वाईट झालं. कोनी दिसलं का मावशी तुमाले?"

"नाई रे. माह्या डोयाले आता कोठं दिसते?"

"तेच म्हनलं मी." त्यानं कप खाली ठेवला. आतल्या खोलीत गौरी मोठ्यानं पाढे म्हणत होती. त्यानं तिकडे मान वळवली. "नात मोठी झाली. शाळा किती वाजता सुटते तिची?"

काकूंनी वेळ सांगितली. काय करणार होत्या? त्यानं पुन्हा पाया पडून निरोप घेतला. मोटारसायकलचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला, तोवर आम्ही दोघी हललो नाही.

"पाच वर्षं माह्या गाडीत बसून शाळेत गेला हा," मग काकू म्हणाल्या. "बसाले जागा नसली का डायवरच्या बाजूले, इंजिनच्या टपावर बसवत होती मी याले. थंडीत तेथं गरम राह्यते म्हनून. याची माय तेवापासून बिमार."

त्यांनी त्याचा कप उचलला, विसळला, पालथा घातला. "उद्या सुट्टी घे," त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "माह्यासंगं चाल."

दुसऱ्या दिवशी आम्ही जंगलखात्याच्या कचेरीत गेलो. काकूंनी पवनचं पूर्ण नाव सांगितलं, त्याच्या बापाचं सांगितलं, गाव सांगितलं. बरोबरचा दुसरा ओळखला नाही, तेही सांगितलं. सही करताना पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. साहेबांनी दुसरा कागद दिला.

दोघांनाही पकडलं, आणि थोड्या दिवसांनी दोघेही जामिनावर सुटले. त्यानंतर काकू गौरीला रोज स्वतः शाळेत सोडायच्या आणि शाळा सुटेपर्यंत समोरच्या ओट्यावर काठी घेऊन बसून राहायच्या. एका सकाळी त्यांच्या फाटकाला मेलेली पाणकोंबडी टांगलेली सापडली. हे कोणी केलं ते कधीच कळलं नाही. त्यांनी मला फोन केला आणि फाटकावरचं सांगितलं. "काकू, साक्ष मागं घ्या," मी म्हणाले. हे मी म्हणाले होते, हे मला लपवायचं नाही. त्या म्हणाल्या, "सातवं नसतं सापडलं तं, पोरी?" आणि फोन ठेवला.

शेवटी लेकीनं हट्ट धरला आणि काकूंनी सेलू सोडायचं ठरवलं. पुढचं मला गार्डकडून कळत गेलं. समुद्रपूरहून त्या प्रत्येक तारखेला आल्या, साक्ष दिली, उलटतपासणीत रडल्या, पण शब्द बदलला नाही. त्या दोघांना शिक्षा झाली. त्याच वर्षी पावसाळा संपता संपता काकू झोपेतच गेल्या. मला उशिरा कळलं. त्यामुळं मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सेलूहून निघाल्या त्या दिवशी.

मार्चची सकाळ होती. जावयानं मालाची छोटी गाडी आणली होती. भांडी, गाद्या, शिवणयंत्र सगळं चढलं. लोखंडी कपाट मात्र मला आणि जावयाला मिळून पायरीवरून उतरवता येईना. तेवढ्यात मोटारसायकल थांबली. पवन उतरला. त्यानं बाह्या वर केल्या, मला हातानं बाजूला केलं आणि कपाटाचं खालचं टोक उचललं. दोघांनी ते गाडीत चढवलं. मग तो हात झटकत तिथंच उभा राहिला.

काकूंनी आतून तांब्याभर पाणी आणलं. तो घटाघटा प्यायला.

"समुद्रपूरले कोठं राह्यसान, मावशी?" त्यानं विचारलं.

जावयानं त्याच्या पाठीमागून काकूंना मान हलवून खुणावलं, नका सांगू. गौरी आजीच्या पदराआड गेली.

"बस स्टँडच्या मांगं," काकू म्हणाल्या. "शाळेची भित हाये, तिले लागूनच. हिरवं दार हाये." मग त्यांनी पदराआडच्या गौरीचा हात धरला. "तारखेले मी येतो सेलूले. तूही येजो. आन तुह्या मायले सांगजो, मी इचारलं म्हनून."

पवन रिकामा तांब्या हातात घेऊन उभा होता. तो त्यानं हळूच पायरीवर ठेवला, पण गेला नाही. काकू गाडीच्या पुढच्या बाजूला चढून बसल्या. गौरीला मांडीवर घेतलं, एक हात तिच्या पोटाभोवती घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं अर्धी खाली केलेली खिडकीची काच पकडली. त्या सरळ समोर पाहत होत्या. जावई अजून खिशात किल्ली शोधत होता. गाडी सुरू झाली नव्हती, तरी ती काच वाजत होती.